निश्चित झालेल्या शिक्षण-गरजेवरून प्रशिक्षणाचा आराखडा कसा आखावा

अमुक एका गोष्टीचे प्रशिक्षण हवे आहे असे एकदा ठरले की पहिला प्रश्न बहुधा ‘काय काय शिकवायचे’ हाच विचारला जातो. विषयांची यादी होते, यादीतल्या प्रत्येक विषयाला तास नेमून दिले जातात आणि अशा वेळापत्रकालाच आराखडा म्हणण्याची पद्धत पडून गेली आहे. यात मोठी उणीव अशी की ज्या गरजेपोटी हा सारा खटाटोप सुरू झाला ती यादी तयार होताच मागे पडते आणि शेवटी ती भागली की नाही हे पाहण्याचे साधनच हाती उरत नाही. म्हणून इथे वेगळा क्रम मांडला आहे. आधी गरज कामाच्या भाषेत लिहायची, तिच्यावरून उद्दिष्टे ठरवायची, उद्दिष्टांवरून चाचणी तयार करायची, त्या चाचणीत यश मिळण्यासाठी कोणता सराव लागेल ते पाहायचे आणि त्या सरावाला आवश्यक तेवढाच आशय सर्वांत शेवटी निवडायचा.

प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांना ‘ॲडी’ या नावाने परिचित असलेली पाच टप्प्यांची पद्धत १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्करासाठी झालेल्या कामातून पुढे आली. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे ते पाच टप्पे. पाचही महत्त्वाचे आहेत. तरी बहुतेक कार्यक्रम बिघडतात ते विश्लेषण आणि रचना यांच्या सांध्यावर, असे माझे मत आहे. विश्लेषणाचा अहवाल एका फाइलीत राहतो, रचना दुसऱ्या फाइलीत सुरू होते आणि दोघांची पुन्हा गाठ पडत नाही. या लेखाचा भर त्या सांध्यावर आहे.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. समजा, एका रुग्णालयातून अशी मागणी आली की नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांना सलाईनचा वेग ठरवण्याचे प्रशिक्षण द्यावे, कारण काही बाटल्या ठरलेल्या वेळेच्या फार आधी संपत आहेत, तर काही फार उशिरा.

गरज कामाच्या भाषेत लिहिणे

आलेली मागणी जशीच्या तशी गरज म्हणून स्वीकारू नये. ‘सलाईनच्या वेगाबद्दल ज्ञान कमी आहे’ या वाक्यावरून काहीही आखता येत नाही, कारण कोण, कोणत्या प्रसंगी, काय करते आणि त्याऐवजी काय करायला हवे, यांपैकी कशाचाच त्यात पत्ता नसतो. गरजेचे विधान लिहिताना आजची स्थिती, अपेक्षित स्थिती, या दोहोंमधले अंतर आणि त्या अंतराचा पुरावा या चार गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत. पुरावा म्हणजे नोंदवह्या, तक्रारी, चुकांचे अहवाल आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्यक्ष काम चालू असताना केलेले निरीक्षण. प्रश्नावली भरून घेणे सोपे असते, म्हणून तीच सर्वाधिक वापरली जाते. परंतु आपल्याला काय येत नाही हे माणसाला पुष्कळदा ठाऊकच नसते, त्यामुळे केवळ प्रश्नावलीवर विसंबून गरज ठरवू नये.

आपल्या उदाहरणात वॉर्डात उभे राहून निरीक्षण केले, असे धरू. सलाईनचा वेग मोजण्यासाठी द्रवाचे मिलिलिटर आणि ड्रिप सेटमधून, म्हणजे बाटलीपासून रुग्णापर्यंत जाणाऱ्या नळीच्या संचातून, एका मिलिलिटरला पडणारे थेंब यांचा गुणाकार करून त्याला एकूण मिनिटांनी भागतात. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे असेल आणि सेट मिलिलिटरला २० थेंबांचा असेल, तर ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. सेट मिलिलिटरला ६० थेंबांचा, म्हणजे मायक्रोड्रिप असेल, तर तोच वेग मिनिटाला १२५ थेंब होतो. आता अनुभवी परिचारिका हे गणित मांडतच नाहीत. त्या ‘तासाचे मिलिलिटर तेच मिनिटाचे थेंब’ असे म्हणून थेट वेग लावतात. मायक्रोड्रिपसाठी हे अगदी बरोबर आहे, कारण ६० थेंब आणि ६० मिनिटे एकमेकांना छेद देतात. नवी परिचारिका मात्र ते वाक्य ऐकते, ते कोणत्या सेटसाठी आहे हे तिला कोणी सांगत नाही आणि ती २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला १२५ थेंब लावते. चार तासांची बाटली ८० मिनिटांत संपते.

एवढे दिसल्यावर गरजेचे विधान पूर्ण बदलते. ‘नव्या परिचारिका सेटच्या पाकिटावरचा थेंबांचा आकडा न वाचता मायक्रोड्रिपची सोपी रीत सर्वच सेटना लावतात, त्यांनी प्रत्येक वेळी आकडा वाचून त्यानुसार वेग काढणे अपेक्षित आहे’ असे लिहिले की पुढची आखणी कुठे जाणार हे जवळजवळ ठरूनच जाते. गणिताच्या उजळणीचे दोन तास, शरीरातील द्रवसंतुलनावरचे व्याख्यान आणि सलाईनच्या प्रकारांची तक्त्यांसह माहिती, जे सारे मूळ मागणीवरून सहज वेळापत्रकात शिरले असते, त्यातले बरेचसे इथेच गळून पडते.

प्रशिक्षणाने भागणारा भाग वेगळा काढणे

अंतर दिसले म्हणजे ते शिकवून भरून निघेलच असे नाही. रॉबर्ट मॅगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये सुचवलेला एक प्रश्न इथे फार उपयोगी पडतो: त्या माणसाचा जीवच पणाला लागला असता, तर त्याला ते काम करता आले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर उणीव कौशल्याची नाही आणि प्रशिक्षण देऊन ती भरून निघणार नाही. थॉमस गिल्बर्ट यांनीही १९७८ मध्ये कामातील उणिवांची कारणे दोन बाजूंना मांडली. एका बाजूला माणसाचे ज्ञान, क्षमता आणि इच्छा, तर दुसऱ्या बाजूला कामाच्या ठिकाणी मिळणारी माहिती, साधने आणि प्रोत्साहन. त्यांचा आग्रह असा की आधी दुसरी बाजू तपासावी, कारण तिथला बदल बहुधा स्वस्त असतो आणि लवकर परिणाम दाखवतो.

सलाईनच्या उदाहरणात तीन वेगवेगळी कारणे एकत्र नांदत असू शकतात. सोपी रीत चुकीच्या सेटवर वापरली जाते, ही शिकण्याची गरज आहे. दोन्ही प्रकारचे सेट एकाच खणात मिसळून ठेवलेले असतात, हा साठवणुकीचा प्रश्न आहे आणि दोन वेगळे खण व ठळक चिठ्ठ्या एवढ्याने तो सुटू शकतो. रुग्णाने हात हलवल्यावर बदललेला वेग पुन्हा तपासला जात नाही, यामागे एका परिचारिकेकडे असलेली रुग्णसंख्या हे कारण असेल, तर कितीही उत्तम वर्ग घेतला तरी फरक पडणार नाही. आराखड्याच्या पहिल्याच पानावर हे तीन भाग वेगळे लिहावेत आणि कोणता भाग प्रशिक्षणाकडे आहे व कोणता व्यवस्थापनाकडे, हे मागणी करणाऱ्यांच्या संमतीने निश्चित करून घ्यावे. हे संभाषण अवघड वाटते, कारण प्रशिक्षण मंजूर करणे सोपे असते आणि कामाची वाटणी बदलणे कठीण. परंतु ते टाळले, तर न सुटलेल्या प्रश्नाचे खापर पुढे शिकणाऱ्यांवर फुटते, आणि ते अन्याय्य आहे.

शिकणारे आणि त्यांचे कामाचे ठिकाण

शिकणाऱ्यांविषयी वय, पद आणि शिक्षण यांचा तक्ता भरून ठेवण्याचा प्रघात आहे. त्यातला फारच थोडा भाग आखणीत उपयोगी पडतो. खरोखर उपयोगी पडतात त्या गोष्टी अशा: या विषयातले त्यांना आज नेमके काय येते, कोणत्या चुकीच्या समजुती ते सोबत घेऊन येतात, शिकलेले ते कुठे आणि किती घाईत वापरणार आहेत, आणि ते वापरताना शेजारी कोण उभे असणार आहे. अनुभवी सहकारी जर ‘ते पाकीट वाचत बसू नको, मी सांगते’ म्हणणार असतील, तर वर्गात पक्की झालेली सवय वॉर्डात आठवडाभरही टिकत नाही. म्हणून त्या सहकाऱ्यांना काय सांगायचे हेही आराखड्यातच आले पाहिजे.

पूर्वज्ञान तपासण्याला आणखी एक कारण आहे. स्लावा कल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून असे दिसले की नवख्याला आधार देणारी सविस्तर मांडणी जाणकाराला उलट अडथळा ठरते, कारण त्याला जे आधीच येते त्यावर पुन्हा लक्ष खर्च करावे लागते. एकाच गटात दोन्ही प्रकारचे लोक असतील, तर सर्वांना एकाच वाटेने नेण्याचा आग्रह न धरता सुरुवातीच्या चाचणीवरून वाटा वेगळ्या कराव्यात. ज्यांना काम आधीच येते त्यांना वर्गात बसवून ठेवणे हा त्यांच्या वेळेचा अपव्यय आहे.

शिकण्याच्या शैलींवरून, म्हणजे कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून शिकतो अशा वर्गवारीवरून आखणी करू नये. ही कल्पना फार लोकप्रिय आहे. तथापि हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात, शैलीप्रमाणे शिकवल्याने अधिक शिकले जाते याला पुरेसा पुरावा आढळला नाही. काय दाखवायचे आणि काय ऐकवायचे हे आशयावरून ठरवावे. थेंब मोजणे पाहूनच शिकावे लागते, मग शिकणारा कोणीही असो.

कामाची उकल

गरज नक्की झाल्यावर ते काम उत्तम करणाऱ्या व्यक्तीकडे जाऊन कामाच्या पायऱ्या उलगडून घ्याव्या लागतात. इथे घाई करू नये. जाणकाराच्या हातात काम इतके मुरलेले असते की अर्ध्या पायऱ्या त्याला स्वतःलाही दिसत नाहीत आणि तो प्रामाणिकपणे सांगतो तरी त्या सुटतात. म्हणून एकाच व्यक्तीला विचारून थांबू नये, आणि केवळ विचारू नये. काम करताना पाहावे, मध्येच थांबवून ‘आता हे का केलेत’, ‘इथे आकडा वेगळा असता तर काय केले असते’ असे प्रश्न करावेत, आणि शक्य असेल तर अलीकडेच हे काम शिकलेल्या एखाद्या व्यक्तीलाही सोबत बसवावे, कारण कुठे अडते हे तिला अजून आठवत असते.

सलाईनच्या कामाची उकल अशी निघेल. डॉक्टरांची सूचना वाचून मिलिलिटर आणि तास टिपायचे, हातातल्या सेटच्या पाकिटावर मिलिलिटरला किती थेंब लिहिले आहेत ते वाचायचे, तासांची मिनिटे करायची, गणित करून पूर्णांकात उत्तर घ्यायचे, ते उत्तर शक्य कोटीतले आहे का हे क्षणभर पाहायचे, रोलर क्लॅम्पने, म्हणजे नळी कमी-जास्त दाबणाऱ्या चाकाच्या चिमट्याने, वेग लावायचा, घड्याळ समोर धरून १५ सेकंदांतले थेंब मोजून त्यांना चारने गुणायचे, आणि काही वेळाने पुन्हा मोजायचे. यातली ‘शक्य कोटीतले आहे का’ ही पायरी जाणकार कधीच सांगत नाहीत, पण करतात सगळे. तासांची मिनिटे करायला विसरले तर आपल्या उदाहरणात उत्तर मिनिटाला २५०० थेंब येते. अनुभवी डोळ्याला ते पाहताक्षणी अशक्य वाटते, नवखी व्यक्ती मात्र कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवते. आराखड्यात ज्या पायऱ्यांना सर्वाधिक वेळ द्यायचा त्या अशाच असतात: न दिसणाऱ्या, निर्णयाच्या आणि चुकल्यास महाग पडणाऱ्या.

प्रत्येक पायरीपुढे आणखी एक नोंद करावी, ती म्हणजे ही गोष्ट लक्षात ठेवावीच लागते, की समोर पाहून करता येते. थेंबांचा तक्ता भिंतीवर किंवा ओळखपत्रामागे लावता येत असेल, तर त्यातले आकडे पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये. तक्ता वापरण्याचा सराव द्यावा. चांगली तपाससूची कधी कधी अर्ध्या प्रशिक्षणाची जागा घेते, आणि तसे होत असेल तर आनंदाने होऊ द्यावे.

उद्दिष्टे

१९६२ मध्ये मॅगर यांनी घालून दिलेली रीत आजही पुरेशी आहे: शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगले केले म्हणजे पुरे, हे तीन भाग उद्दिष्टात असावेत. ‘समजेल’, ‘माहिती होईल’, ‘जाणीव निर्माण होईल’ ही क्रियापदे उद्दिष्टात आली की थांबावे, कारण ती बाहेरून पाहता येत नाहीत. त्यांच्या जागी काढेल, निवडेल, जुळवेल, दुरुस्त करेल, कारणासह नाकारेल अशी क्रियापदे घ्यावीत. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केलेले आणि २००१ मध्ये सुधारले गेलेले शैक्षणिक उद्दिष्टांचे सहा पायऱ्यांचे वर्गीकरण या निवडीत मदत करते. मात्र त्याच्या सहाही पायऱ्या प्रत्येक कार्यक्रमात असल्याच पाहिजेत, हा गैरसमज आहे. गरज ज्या पायरीची आहे तीच घ्यावी.

आपल्या उदाहरणाचे मुख्य उद्दिष्ट असे लिहिता येईल: ‘लेखी सूचना, वेगवेगळ्या प्रकारच्या सेटची खरी पाकिटे आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ दिले असता, प्रशिक्षणार्थी पाकिटावरील आकड्यानुसार वेग काढून तो क्लॅम्पने लावेल आणि मोजून पडताळेल, वेग काढण्यात दहापैकी दहा सूचना अचूक असतील.’ इथे दहापैकी आठ चालणार नाहीत. कित्येक आराखड्यांत ८० टक्के हा निकष सवयीने लिहिलेला आढळतो. निकष चुकीच्या परिणामावरून ठरला पाहिजे. जिथे चूक केवळ गैरसोय करते तिथे तो सैल असू शकतो, जिथे इजा करते तिथे असू शकत नाही. उद्दिष्टे थोडी असावीत. एका छोट्या कार्यक्रमाला पंधरा उद्दिष्टे लिहिलेली दिसली, तर विषयांची यादीच क्रियापदे जोडून उद्दिष्टांत बदलली असण्याची शक्यता मोठी आहे.

आशयाच्या आधी चाचणी

उद्दिष्ट लिहून झाले की लगेच चाचणी तयार करावी आणि ती तयार होईपर्यंत एकही स्लाइड करू नये. हा नियम काटेकोर वाटेल, पण त्याचे कारण साधे आहे. चाचणी लिहिताना उद्दिष्टातली संदिग्धता लगेच उघडी पडते, तर आशय लिहिताना ती झाकली जाते. शिवाय आशय आधी तयार झाला की चाचणी त्या आशयातून प्रश्न काढून बनवली जाते, आणि मग ती गरज भागली का हे न मोजता व्याख्यान आठवते का एवढेच मोजते.

चाचणी उद्दिष्टातल्या क्रियेशी आणि परिस्थितीशी जुळली पाहिजे. क्लॅम्प लावून दाखवायचा असेल, तर बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी तिथे अपुरी आहे. ती फार तर गणिताचा भाग तपासेल. जिथे बहुपर्यायी प्रश्न योग्य आहेत तिथे चुकीचे पर्याय निरीक्षणात दिसलेल्या खऱ्या चुकांतून घ्यावेत. वरच्या गणितासाठी ४२, १२५, २५०० आणि २१ असे चार पर्याय दिले, तर प्रत्येक चुकीचे उत्तर काहीतरी सांगते. १२५ निवडणाऱ्याने मायक्रोड्रिपची रीत लावली आहे, २५०० निवडणाऱ्याने मिनिटे केली नाहीत, आणि २१ निवडणाऱ्याने सेट मिलिलिटरला १० थेंबांचा धरला आहे. मनाला येईल ते आकडे पर्याय म्हणून भरले, तर हा सारा उपयोग हातचा जातो.

याच चाचणीचा समांतर नमुना करून तो प्रशिक्षणाआधी द्यावा. पूर्वज्ञान कळते, वाटा वेगळ्या करता येतात आणि नंतरच्या तुलनेसाठी आधाररेषा मिळते.

सराव, क्रम आणि आशय

आता कुठे शिकवण्याचा विचार सुरू होतो. रॉबर्ट गान्ये यांनी मांडलेल्या नऊ घटना, म्हणजे लक्ष वेधणे, उद्दिष्ट सांगणे, पूर्वज्ञान जागवणे इथपासून सराव, प्रतिसाद आणि शिकलेले कामात उतरवण्यापर्यंत, क्रम तपासण्यासाठी उपयोगी आहेत. प्रत्येक तासिकेत नऊही विधीसारख्या पार पाडण्याची गरज नाही. पण आराखडा लिहून झाल्यावर यांपैकी काय राहून गेले हे पाहिले, तर सराव आणि प्रतिसाद हेच दोन घटक सर्वाधिक वेळा गायब असतात.

नव्या शिकणाऱ्याला सुरुवातीलाच गणित सोडवायला लावण्यापेक्षा पूर्ण सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला द्यावीत. स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणे अभ्यासलेल्या विद्यार्थ्यांनी तशाच नव्या गणितांत कमी वेळ आणि कमी चुका केल्या. त्यानंतर आधार हळूहळू काढून घ्यावा: पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी रिकामी, त्यापुढच्यात शेवटच्या दोन, आणि मग केवळ सूचना व पाकीट. सलाईनच्या बाबतीत एक दक्षता जरूर घ्यावी. एकाच प्रकारच्या सेटची दहा गणिते ओळीने देऊ नयेत, कारण मग पाकीट वाचण्याची गरजच उरत नाही, आणि नेमकी तीच सवय आपल्याला लावायची आहे. १०, १५, २० आणि ६० थेंबांचे सेट मिसळून द्यावेत. मिश्र सराव शिकताना संथ आणि कठीण वाटतो, प्रशिक्षणार्थी कुरकुरतातही, तरी तोच ठेवावा.

सराव एका दिवसात संपवू नये. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विसरण्याची गती मोजून दाखवली होती, आणि पुनरावृत्ती दिवसांवर विभागली तर शिकणे अधिक टिकते हेही नोंदवले होते. हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, परंतु दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, मध्यंतरी स्वतः आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. आखणी करणाऱ्याने यावरून दोन गोष्टी कराव्यात. कार्यक्रमाच्या शेवटी ताबडतोब घेतलेल्या चाचणीवर फार विश्वास ठेवू नये, आणि दोन तासांचा एकच वर्ग मंजूर झाला असेल, तर त्यातली पंधरा मिनिटे काढून तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पाच-पाच मिनिटांचा सराव मागून घ्यावा. वेळ तितकाच लागतो.

प्रतिसादाचा मजकूरही आराखड्यातच लिहून ठेवावा. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ हा प्रतिसाद नाही. ‘१२५ हे उत्तर मायक्रोड्रिपसाठी बरोबर आहे, हातातले पाकीट पुन्हा वाचा’ हा प्रतिसाद आहे. चाचणीतले चुकीचे पर्याय खऱ्या चुकांतून घेतले असतील, तर असा मजकूर लिहायला वेळ लागत नाही.

एवढे ठरल्यावर आशय निवडणे सोपे होते, कारण प्रत्येक परिच्छेदाला, चित्राला आणि चित्रफितीला एकच प्रश्न विचारायचा असतो: हे कोणत्या सरावासाठी लागते? उत्तर नसेल तर ते बाजूला काढावे आणि हवे असल्यास वाचन म्हणून वेगळे द्यावे. विषयतज्ज्ञांना हे रुचत नाही, कारण त्यांना विषय पूर्ण मांडायचा असतो. त्यांच्याशी बोलताना गरजेचे विधान समोर ठेवून बोलावे, म्हणजे चर्चा पसंतीवरून कामावर येते.

माध्यमाबद्दल थोडक्यात सांगता येईल. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये ठामपणे मांडले की शिकणे माध्यमामुळे घडत नाही, त्यातून वापरलेल्या पद्धतीमुळे घडते. म्हणून माध्यमाची निवड सरावाच्या स्वरूपावरून आणि पोहोच, खर्च, दुरुस्तीची सोय यांवरून करावी. गणिताचा मिश्र सराव मोबाइलवर उत्तम होतो. क्लॅम्प लावण्याचा होत नाही. ज्यांना दिसण्यात किंवा ऐकण्यात अडचण आहे त्यांच्यासाठीची सोय, म्हणजे उपशीर्षके, मोठा टंक आणि चित्रांची शब्दांत वर्णने, आखणीच्या वेळीच धरावी. नंतर जोडायला गेल्यास ती महाग पडते आणि बहुधा राहूनच जाते.

आराखड्याचा कागद

आराखडा म्हणून हाती येणारा दस्तऐवज लांबलचक असण्याची गरज नाही. त्याचा गाभा म्हणजे एक तक्ता, ज्यात प्रत्येक ओळीत गरजेचा एक भाग, त्याचे उद्दिष्ट, त्या उद्दिष्टाची चाचणी, सराव, आशय आणि लागणारा वेळ डावीकडून उजवीकडे येतात. एखाद्या ओळीत आशय आहे पण डावीकडचे रकाने रिकामे आहेत, तर ती ओळ काढून टाकावी. गरज आहे पण चाचणीचा रकाना रिकामा आहे, तर काम अजून अपुरे आहे. तक्त्याच्या खाली कोण काय तयार करणार, विषयतज्ज्ञ किती वेळ देणार, मंजुरी कोणाची, साहित्य कोणते, आणि व्यवस्थापनाकडे सोपवलेले भाग केव्हा पूर्ण होणार, हे लिहावे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे: सेटचे खण वेगळे होण्याआधीच प्रशिक्षण सुरू झाले, तर पुढे दिसणारा फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही.

साहित्य पूर्ण होण्याची वाट न पाहता कच्च्या स्वरूपातच ते तपासून घ्यावे. वॉल्टर डिक आणि लू केरी यांच्या पद्धतीत ही तपासणी तीन पातळ्यांवर होते: आधी एकेका शिकणाऱ्यासोबत बसून, मग छोट्या गटात, आणि शेवटी खऱ्या ठिकाणी. वेळ फारच कमी असेल, तर बाकीचे सोडावे पण पहिली पातळी सोडू नये. शिकणारी व्यक्ती कागदावरचे उदाहरण सोडवताना मोठ्याने विचार बोलते आणि आपण काही न समजावता ऐकतो, एवढ्याने सूचनेतले अडखळणारे शब्द, गाळलेली पायरी आणि गैरसमज होणारे चित्र लगेच समोर येते.

मोजमापाची आखणी आधीच

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या, म्हणजे प्रतिक्रिया, शिकणे, कामातले वर्तन आणि परिणाम, सर्वत्र वापरल्या जातात; प्रत्यक्षात मोजली जाते ती बहुधा पहिलीच, कारण अभिप्रायाचा अर्ज जागेवर भरून घेता येतो. प्रशिक्षण आवडले हे कळणे वाईट नाही, पण गरज तिसऱ्या पातळीवर दिसली होती, म्हणून उत्तरही तिथेच शोधले पाहिजे. सोपा मार्ग असा की गरज शोधताना वापरलेलाच निरीक्षणाचा तक्ता प्रशिक्षणानंतर महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्याच वॉर्डात, त्याच पद्धतीने पुन्हा भरावा: पाकीट वाचले का, वेग बरोबर निघाला का, मोजून पडताळला का. हे निरीक्षण कोण करणार आणि त्याला कामातून वेळ कोण देणार, हे सुरुवातीलाच मंजूर करून घ्यावे. नंतर मागितल्यास मिळत नाही.

निष्कर्ष हाती आल्यावर काय करायचे, हेही आराखड्यात आधीच लिहिलेले असावे. प्रशिक्षणानंतरच्या चाचणीतच प्रशिक्षणार्थी अडखळत असतील, तर सराव अपुरा किंवा चुकीच्या प्रकारचा आहे आणि दुरुस्ती रचनेत करायची आहे. चाचणी उत्तम झाली पण महिन्याने तीच चाचणी जमेनाशी झाली, तर अंतराने द्यायचा सराव प्रत्यक्षात दिला गेला का ते तपासायचे आहे. आणि महिन्यानंतरही चाचणी उत्तम जमते, पण वॉर्डात पाकीट वाचले जात नाही, तर पुन्हा वर्ग भरवण्यात अर्थ नाही. खण, कामाचा ताण आणि सहकाऱ्यांचे सांगणे यांकडे परत जायचे आहे. या तिन्ही शक्यतांपुढे निर्णय घेणाऱ्या व्यक्तीचे पद आणि निर्णयाची तारीख तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात भरून मगच आराखडा मंजुरीला पाठवावा.